जिवाणूची नवी जाती: ओळख, वर्गीकरण आणि नामकरण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनोळखी जिवाणू हाती लागलेल्या विद्यार्थ्यांकडून आणि नव्या संशोधकांकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांब आहेत, कारण तिथेच सर्वाधिक गफलती होतात.

नमुन्यातून एक अनोळखी जिवाणू मिळाला आहे. त्याला 'नवी जाती' केव्हा म्हणता येते?

तीन गोष्टी पूर्ण झाल्यावर. तो शुद्ध स्वरूपात वाढवलेला हवा. त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक कोणते हे शोधून, त्या प्रत्येकापेक्षा तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे वेगळा आहे हे मोजून दाखवलेले हवे. आणि त्याचा जिवंत नमुना कुणालाही मागवता येईल अशा संग्रहात जमा झालेला हवा. तोवर तो फक्त एक स्ट्रेन, म्हणजे एका नमुन्यातून वेगळा काढलेला एक वाण, असतो.

यातली तिसरी गोष्ट बहुतेकांना अगदी शेवटी आठवते. खरे तर सगळ्या कामाचा आधार तीच आहे. नवी जाती मांडणे म्हणजे 'हा जिवाणू वेगळा आहे, तुम्हीही तपासून पाहा' असे इतर प्रयोगशाळांना सांगणे. तपासायला नमुनाच नसेल तर त्या सांगण्याला काही वजन उरत नाही.

जिवाणूंची 'जाती' ठरवतात तरी कशी? प्राण्यांचा नियम इथे चालतो का?

नाही. आपसांत प्रजनन होऊन सुपीक संतती झाली तर जाती एक, ही कसोटी जिवाणूंना लावता येत नाही. ते एकाचे दोन होऊन वाढतात, शिवाय दूरच्या जिवाणूंकडूनही जनुके उचलतात. म्हणून इथली व्याख्या कामचलाऊ आहे आणि ती मोजमापावर उभी आहे. १९८७ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवले की दोन स्ट्रेनचे डीएनए एकमेकांशी सुमारे ७० टक्के किंवा अधिक जुळत असतील आणि दोन्ही मिसळून बनलेल्या संकरित डीएनएच्या वितळण्याच्या तापमानात फरक ५ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल, तर त्यांची जाती एकच मानावी. आजच्या सगळ्या मर्यादा त्या ७० टक्क्यांशी ताडून बसवलेल्या आहेत.

ही रेषा माणसाने आखली हे खरे, पण ती हवेतून आलेली नाही. २०१८ साली सुमारे ९०,००० जीनोमची (जीनोम म्हणजे जिवाचा संपूर्ण डीएनए) आपसांत तुलना झाली. एकाच जातीतले जीनोम ९५ टक्क्यांच्या वर जुळत होते, वेगवेगळ्या जातींतले बहुतेक ८३ टक्क्यांच्या खाली होते आणि मधल्या पट्ट्यात फारच थोड्या जोड्या पडल्या. म्हणजे निसर्गातही तिथे दरी आहे. अपवाद मात्र आहेत, आणि तुमचा स्ट्रेन नेमका त्या दरीत पडला तर तुम्हाला जास्त पुरावा द्यावा लागेल.

काम सुरू कुठून करायचे?

शुद्ध कल्चरपासून, म्हणजे फक्त एकाच जिवाणूच्या वाढीपासून. प्लेटवर वेगळी दिसणारी एक वसाहत उचलली म्हणजे कल्चर शुद्ध झाले, असे होत नाही. काही जिवाणू चिकट थरात दुसऱ्याला सोबत घेऊन वाढतात, काही तर दुसऱ्याने सोडलेल्या पोषकद्रव्यावरच जगतात. एकाच वसाहतीतून पुन्हापुन्हा स्ट्रीक करा (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवा), प्रत्येक वेळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहा, आणि जमल्यास माध्यम बदलून पाहा. एका माध्यमावर लपलेला सोबती दुसऱ्यावर उघडा पडतो.

शुद्धतेची खात्री झाली की लगेच ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठा करा आणि जमेल तर काही नळ्या फ्रीझ-ड्राय करून ठेवा. पुढची प्रत्येक चाचणी या मूळ साठ्यातूनच व्हावी. महिनोन्महिने प्लेटवरून प्लेटवर नेलेला स्ट्रेन बदलतो, प्लास्मिड (डीएनएची सुटी छोटी कडी) गमावतो, बीजाणू तयार करण्याची क्षमताही गमावू शकतो.

१६ एस आरआरएनए जनुकाला एवढे महत्त्व का?

हे जनुक रायबोसोमचा, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा, एक भाग घडवते. ते प्रत्येक जिवाणूत असते, त्याचे काम सगळीकडे तेच असते आणि ते अतिशय सावकाश बदलते. लांबी साधारण १,५०० बेसची, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांची. त्याचे काही भाग जवळपास सर्व जिवाणूंत सारखे असतात, त्यामुळे जनुकाच्या प्रती काढायला लागणारी एकच प्रायमर-जोडी (डीएनएचे दोन छोटे तुकडे) बहुतेकांना चालते. मधले भाग बदलते असतात आणि त्यांतून नाते कळते. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी याच रेणूची तुलना करून १९७७ साली दाखवले की आर्किया हा जिवाणूंपेक्षा पूर्ण वेगळा गट आहे.

तुम्हाला जवळजवळ पूर्ण लांबीचा क्रम, म्हणजे बेसांची ओळीने वाचलेली मांडणी, लागेल. चारपाचशे बेसचा तुकडा वाचून 'नवी जाती सापडली' असा निष्कर्ष काढू नका. तुलनाही शक्यतो टाइप स्ट्रेनच्या (जातीचे नाव ज्याला बांधलेले असते त्या मूळ नमुन्याच्या) क्रमांशीच करा. सार्वजनिक संग्रहांत चुकीच्या नावाने जमा झालेले क्रम भरपूर आहेत, आणि यादीत सर्वांत वर आलेले नाव बरोबरच असेल याची काही हमी नसते.

जुळणी ९८ टक्के आली. कुणी ९७ ची मर्यादा सांगतात, कुणी ९८.७ ची. खरी कोणती?

दोन्ही आपापल्या काळातल्या आहेत. १९९४ साली ९७ टक्क्यांची मर्यादा मांडली गेली. अधिक जोड्या तपासल्यावर २००६ साली ती ९८.७ ते ९९ वर गेली, आणि जीनोमशी पडताळल्यावर २०१४ साली ९८.६५ हा आकडा आला. आज ९८.७ धरून चालतात.

याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण तो उलटा लावला जातो. जुळणी ९८.७ च्या खाली असेल तर तुमचा स्ट्रेन वेगळ्या जातीचा असण्याची शक्यता दाट आहे. ती वर असेल तर या एका जनुकावरून काहीच ठरत नाही. आज स्पोरोसार्सिना प्रजातीत (प्रजाती म्हणजे इथे जीनस, जवळच्या जातींचा गट) असलेले ग्लोबिस्पोरा आणि सायक्रोफिला यांचे १६ एस क्रम ९९.५ टक्क्यांहून अधिक जुळतात, तरी त्यांचे एकूण डीएनए ७० टक्क्यांच्या बरेच खाली असल्याने त्या दोन जाती आहेत. तेव्हा ९९ टक्के जुळणी आली म्हणून स्ट्रेन फेकून देऊ नका. त्याचा संपूर्ण जीनोम वाचल्याशिवाय निकाल लागत नाही.

मग जीनोममध्ये नेमके काय पाहायचे?

मुख्यतः दोन आकडे. पहिला एएनआय, म्हणजे दोन जीनोमच्या समान भागांतली सरासरी जुळणी. ती ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली गेली तर जाती वेगळी. दुसरा संगणकाने काढलेला डीडीएच. पूर्वी दोन डीएनए प्रत्यक्ष मिसळून जी चाचणी होई, तिचे हे गणिती रूप आहे आणि मर्यादा तीच, ७० टक्के. प्रत्यक्ष चाचणी किचकट होती, प्रत्येक प्रयोगशाळेचा आकडा थोडा वेगळा यायचा. जीनोमचा क्रम एकदा जमा झाला की जगात कुणीही तेच गणित पुन्हा करू शकते, हा मोठा फायदा आहे.

डीएनएमधील जी आणि सी या दोन बेसांचे प्रमाणही जीनोमवरूनच काढा. एकाच जातीत हा फरक सहसा १ टक्क्याच्या आत राहतो.

एक पडताळणी कधीही चुकवू नका. जीनोममधून काढलेले १६ एस जनुक आणि तुम्ही आधी स्वतंत्रपणे वाचलेले १६ एस जनुक एकमेकांशी ताडून पाहा. ती जुळली नाहीत तर कुठेतरी मिसळ झाली आहे, किंवा नळ्यांची अदलाबदल झाली आहे. पंधरा मिनिटांच्या या कामाने वर्षभराची मेहनत वाचते.

जीनोम हाती असताना ग्रॅम स्टेन, कॅटलेज, ऑक्सिडेज या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या चाचण्या अजून कशाला?

जीनोम क्षमता सांगतो, वागणूक सांगत नाही. एखादी शर्करा वापरण्याचे जनुक असूनही जिवाणू ती वापरीलच असे नाही. पेशीचा आकार, हालचाल, बीजाणू, कोणत्या तापमानाला, कोणत्या आम्लतेला आणि किती मिठात वाढ होते, प्राणवायू लागतो की नाही, कोणत्या प्रतिजैविकाने मरतो, ही माहिती पुढे त्याच जिवाणूला हाताळणाऱ्या माणसाला रोज लागते.

चाचण्यांच्या तक्त्यात सर्वांत जास्त आढळणारी उणीव म्हणजे जवळच्या जातींचे आकडे जुन्या निबंधांतून उतरवून घेणे. तुम्ही ३० अंशांना एका माध्यमावर चाचणी केली, जुन्या निबंधात ती ३७ अंशांना दुसऱ्या माध्यमावर झाली होती. दिसलेला फरक जातीचा की परिस्थितीचा, हे मग कुणालाच सांगता येत नाही. जवळच्या जातींचे टाइप स्ट्रेन संग्रहातून मागवा आणि आपल्या स्ट्रेनशेजारी, त्याच दिवशी, त्याच माध्यमावर वाढवा. खर्च होतो, वाट पाहावी लागते. पण याला पर्याय नाही.

रासायनिक तपासणीत काय काय येते?

पेशीपटलातील मेदाम्लांचे प्रमाण, श्वसनसाखळीतील क्विनोन, ध्रुवीय लिपिड, आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंत पेशीभित्तिकेतील अमिनो आम्ले. मेदाम्ले तापमान आणि कल्चरच्या वयाप्रमाणे बदलतात, म्हणून तुलनेतले सर्व स्ट्रेन वाढीच्या एकाच टप्प्यावर काढलेले हवेत. जाती वेगळी करण्यापेक्षा प्रजाती आणि कुल (प्रजातींचा गट) ठरवताना या माहितीचा उपयोग अधिक होतो.

माल्डी-टॉफ यंत्राने 'ओळख पटली नाही' असे दाखवले. म्हणजे नवी जाती?

नाही. हे यंत्र पेशीतील प्रथिनांचा, मुख्यतः रायबोसोमच्या प्रथिनांचा, आलेख घेऊन तो आपल्याजवळच्या संचाशी जुळवते. संचात नसलेली पण कैक वर्षांपूर्वी वर्णन झालेली जातीसुद्धा त्याला अनोळखीच वाटते. एकाच प्रकारच्या शेकडो वसाहती पटकन वेगळ्या काढायला मात्र ते उत्तम आहे.

रुग्णाच्या नमुन्यातून काहीतरी वेगळे मिळाले, पण ते नेहमीच्या माध्यमावर वाढतच नाही. काय करावे?

लीजिओनेलाचा इतिहास नजरेसमोर ठेवावा. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली. दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, ३४ जण दगावले. नेहमीच्या माध्यमांवर काहीच वाढत नव्हते. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड यांनी गिनीपिगच्या आणि कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांच्या साहाय्याने जानेवारी १९७७ मध्ये तो जिवाणू पकडला. पुढे कळले की त्याला सिस्टिन आणि लोह लागते, आणि माध्यमात कोळशाची पूड घातली की तो चांगला वाढतो. १९७९ साली त्याला लीजिओनेला न्यूमोफिला हे नाव मिळाले, आणि त्यासाठी नवी प्रजातीच नव्हे तर नवे कुल स्थापावे लागले.

या कथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग यानंतर घडला. १९४७ साली गिनीपिगमधून मिळालेला आणि ओळख न पटता जपून ठेवलेला एक स्ट्रेन पुन्हा तपासला, तेव्हा तो हाच जिवाणू निघाला. ज्याने तीस वर्षांपूर्वी ती नळी फेकून दिली नाही, त्याच्यामुळे हा रोग नवा नाही हे सिद्ध झाले. म्हणून ओळख पटो न पटो, नमुना तारीख, ठिकाण आणि माध्यम यांच्या नोंदीसह साठवा. रोगकारक असण्याची शंका असेल तर त्या पातळीची जैवसुरक्षा असलेल्या प्रयोगशाळेतच पुढचे काम करा.

नाव कोण ठेवतो? स्वतःचे नाव देता येते का?

वर्णन करणारे संशोधकच नाव ठेवतात. स्वतःचे नाव देऊ नये असा संकेत आहे. नाव दोन शब्दांचे आणि लॅटिन धाटणीचे असते: एशेरिशिया कोलायमध्ये एशेरिशिया ही प्रजाती, कोलाय हे जातीचे पद. नावाची व्युत्पत्ती निबंधात द्यावी लागते. जपानमधल्या साकाई शहरात पीईटी प्लास्टिक पचवणारा जिवाणू मिळाला, त्याचे वर्णन २०१६ साली इडिओनेला साकाइएन्सिस या नावाने झाले. स्ट्रॅटोस्फिअरमधल्या हवेच्या नमुन्यांतून भारतीय शास्त्रज्ञांनी २००९ साली मांडलेल्या तीन जातींना खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून होयलेय, इस्रोनेन्सिस आणि आर्यभट्टाय ही पदे मिळाली. संस्थेच्या आद्याक्षरांवरून प्रजातीचे नाव घडवलेलेही चालते: सेडेसिया हे सीडीसी (अमेरिकेचे रोग नियंत्रण केंद्र) या अक्षरांतून आले आहे.

नाव सोपे ठेवा. डॉक्टर, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी ते पुढची अनेक दशके उच्चारणार आहेत.

नाव 'वैध' होते म्हणजे काय होते?

प्रोकॅरिओटांच्या (जिवाणू आणि आर्किया यांच्या) नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे. १ जानेवारी १९८० रोजी मान्य नावांची यादी प्रसिद्ध झाली आणि त्याआधीची, यादीत नसलेली सगळी नावे मागे पडली. त्यानंतरचे नाव वैध ठरते ते 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टिमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायॉलॉजी' या नियतकालिकात वर्णन छापून आले तर. वर्णन दुसरीकडे छापले असेल, तर ते नाव या नियतकालिकाच्या वैधता यादीत घालून घ्यावे लागते. दुसरीकडे छापून गप्प बसणारे बरेच जण आहेत आणि त्यांची नावे वर्षानुवर्षे अधांतरी राहतात.

एक गोष्ट लक्षात असू द्या. वैध होते ते नाव. त्यामागचे वर्गीकरण सर्वांनी स्वीकारलेच पाहिजे असे बंधन कुणावरही नसते.

टाइप स्ट्रेन दोन देशांत का ठेवावा लागतो?

टाइप स्ट्रेन म्हणजे ज्याच्याशी ते नाव कायमचे बांधले गेले आहे तो जिवंत नमुना. तो किमान दोन वेगवेगळ्या देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत जमा करून त्याची प्रमाणपत्रे द्यावी लागतात, म्हणजे एका ठिकाणी आग लागली, वीज गेली किंवा देशाचे नियम बदलले तरी नमुना उरतो. जर्मनीतला डीएसएमझेड, जपानमधला जेसीएम, बेल्जियममधला एलएमजी, कोरियातला केसीटीसी हे यासाठी नेहमी वापरले जाणारे संग्रह.

नमुना कोणत्याही अटीविना मिळाला पाहिजे, अशी संहितेची अपेक्षा आहे. इथे अनेक देशांच्या जैवविविधता कायद्यांशी आणि २०१४ पासून लागू झालेल्या नागोया प्रोटोकॉलशी (जैविक नमुने मिळवणे आणि त्यांचा लाभ वाटून घेणे यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराशी) गाठ पडते. नमुना गोळा करण्याआधीच परवानगीची कागदपत्रे पाहा. सगळे काम पूर्ण झाल्यावर परदेशी संग्रहाने कागदांअभावी नमुना परत पाठवला, तर केलेले वर्णन तिथेच अडकते.

जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नसेल तर?

निसर्गातले बहुसंख्य जिवाणू असेच आहेत. त्यांच्यासाठी १९९० च्या दशकात 'कँडिडेटस' हा दर्जा आला. तिथे वर्णन आणि नाव देता येते, पण ते नाव पूर्ण वैध मानले जात नाही. कॅरिबियन बेटांवरच्या खारफुटीत मिळालेला, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा थायोमार्गारिटा मॅग्निफिका २०२२ साली जगासमोर आला, तोही कँडिडेटस म्हणूनच.

त्याच वर्षी सीक्वेन्स-कोड ही वेगळी संहिता आली. तिच्यात जिवंत स्ट्रेनऐवजी जीनोमचा क्रमच नावाचा आधार मानतात. जीनोम ९० टक्क्यांहून अधिक पूर्ण आणि त्यातली भेसळ ५ टक्क्यांहून कमी असावी अशी अपेक्षा असते. या मार्गाने हजारो अनाम जिवाणूंना नाव मिळेल, आणि ते आवश्यकच आहे. तरी वाढवता येण्याची थोडीशीही आशा असेल तर प्रयत्न सोडू नका. समुद्रात अफाट संख्येने असणारा एसएआर-११ गट १९९० साली केवळ क्रमांवरून कळला. अतिशय कमी पोषकद्रव्ये असलेल्या समुद्राच्या पाण्यातच त्याला वाढवायचे, ही युक्ती साधली आणि २००२ साली तो कल्चरमध्ये आला. क्रमावरून न कळलेले कितीतरी त्यानंतर कळले.

नवी प्रजाती मांडायची वेळ केव्हा येते?

१६ एसची जुळणी साधारण ९४.५ टक्क्यांच्या खाली गेली की विचार सुरू करतात. पण इथे एएनआयसारखी सर्वमान्य रेषा नाही. अनेक जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षात तुमची फांदी स्पष्टपणे स्वतंत्र दिसते का, ते पाहा. घाईने उभारलेल्या एक-जातीच्या प्रजाती पुढे मोडाव्या लागतात.

आधीच ठरलेली नावे बदलतात का?

बदलतात. लॅक्टोबॅसिलस प्रजातीत २६० हून अधिक जाती जमल्या होत्या आणि त्यांतल्या काहींचे एकमेकांशी नाते फार दूरचे होते. २०२० साली तिची २३ नव्या प्रजातींमध्ये विभागणी झाली आणि व्यवहारात महत्त्वाच्या जाती असलेल्या नव्या प्रजातींची नावेही 'एल'ने सुरू होणारी ठेवली. क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल २०१६ साली क्लॉस्ट्रिडिओइड्स डिफिसाइल झाले, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडी बसलेले 'सी. डिफ' तसेच राहिले. ही काळजी मला फार योग्य वाटते.

उलट शिगेला आणि एशेरिशिया कोलाय जीनोमच्या कसोटीवर एकाच जातीत बसतात, तरी वैद्यकातल्या गोंधळाच्या भीतीने नावे वेगळी ठेवली आहेत.

एकाच स्ट्रेनवरून जाती मांडली तर चालते?

नियमाने चालते आणि बहुतेक वर्णने तशीच होतात. पण एका स्ट्रेनवरून जातीत किती विविधता आहे हे कळत नाही. त्याच ठिकाणाहून, शक्य तर वेगळ्या ठिकाणाहूनही, आणखी स्ट्रेन मिळवण्याचा प्रयत्न करा. टर्सिकॉकस फिनिसिस ही जाती २०१३ साली मांडली गेली तेव्हा तिचे स्ट्रेन फ्लोरिडातल्या आणि फ्रेंच गयानातल्या अंतराळयान जुळणीच्या स्वच्छ कक्षांतून, म्हणजे हजारो किलोमीटर अंतरावरून मिळालेले होते. त्यामुळे ही जाती एका खोलीतला योगायोग नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट झाले.

एवढे करून माझा स्ट्रेन जुन्याच जातीचा निघाला. काम वाया गेले का?

ती जाती आजवर एकाच स्ट्रेनवरून ओळखली जात असेल, तर तुमचा दुसरा स्ट्रेन तिच्याविषयीचे ज्ञान दुप्पट करतो. तो वेगळ्या तापमानाला किंवा जास्त मिठात वाढत असेल, तर जातीच्या मूळ वर्णनात सुधारणा सुचवता येते आणि तीही त्याच नियतकालिकात छापली जाते. जीनोम सार्वजनिक संचात जमा करा, स्ट्रेन एखाद्या संग्रहाला द्या, आणि सोबत नमुन्याचे ठिकाण, तारीख व माध्यम लिहून पाठवा.